विघटनशील पिशवी घ्यावी का?

प्रश्न (कोथरूड): महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी असली, तरी मंडईत काही भाजीवाले विघटनशील म्हणून ज्या पिशव्या देतात, त्या घेणे योग्य आहे का? कापडी पिशवी मी नेतेच. पण ओल्या पालेभाजीचे काय करावे, हे सुचत नाही.

प्रतिसाद १: अशा अनेक पिशव्यांना कुजण्यासाठी औद्योगिक खतप्रकल्पातील उष्णता लागते, त्यामुळे गच्चीवरच्या कुंडीत त्या दीर्घकाळ तशाच राहतात. पालेभाजी सुती पंच्यात गुंडाळून आणावी.

प्रतिसाद २: वस्तू टाकल्यानंतर ती कोणाच्या हाती जाते, याचाही विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. आपण धुऊन, वाळवून दिलेली दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असल्याने भंगारात विकली जाते आणि त्यांच्या उत्पन्नात भर पडते. वेफर्सच्या अनेक थरांच्या पाकिटाला मात्र जवळजवळ भावच नसतो. म्हणून असे पाकीट खरेदी करतानाच टाळणे मला त्यांच्या श्रमांशी न्याय्य वाटते.

प्रश्नकर्ती: पंचा उद्यापासूनच नेते. दुधाची पिशवी कापताना कोपरा सुटा होऊ देऊ नये का?

प्रतिसाद २: होय, कारण तो तुकडा इतका लहान असतो की वेचताना हाती लागत नाही.