मुंबईत निवांत बसायला बार कुठला?

रत्नांग्रीकर: पुढच्या शनिवारी आम्ही चौघं रत्नागिरीहून मुंबईला येतोय, कॉलेजनंतर पहिल्यांदाच एकत्र, तर गप्पा मारत बसता येईल असा बार सांगा ना, डीजे वगैरे नको. परत रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने.

मालवणी माणूस: कुलाब्याचं मोंडेगर. भिंतीभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं, टेबलं अगदी चिकटून, ग्लास हातात धरून माणूस चित्रंच बघत राहतो. लिओपोल्ड जवळच, १८७१ चं, पण गर्दी फार. खर्च कमी ठेवायचा तर ताजच्या मागे गोकुळ, मला तरी तेच आवडतं.

दापोलीची लेक: सगळे २५ च्या वरचे ना? बिअरला २१ चालतं, व्हिस्की-रमला नाही. आणि तुतारी दादरहून बारानंतर सुटते, म्हणजे तिकीट रविवारच्या तारखेचं काढा हां, माझ्या भावाची गाडी अशीच चुकलेली!