रविवारचे चार तास आणि चपलेचा खोका

रविवारी सलग चार तास पाठ करत बसूनही गुरुवारपर्यंत जर्मन शब्द उडून जातात, असं तुम्ही लिहिलंय, आणि ॲप वापरू का असंही विचारलंय. उडणारच हो! एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून दाखवलं होतं, की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगात होतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते.

मी रोज नाशिकात सातपूरहून निमाणीला सिटीलिंकच्या बसने जातो. बसायला जागा मिळाली तर पंचवीस मिनिटं उजळणी, नाही मिळाली तर उभ्यानेच पंधरा. खिशात कार्डं, एका बाजूला शब्द, मागे उत्तर. घरी चपलेच्या खोक्यात तीन कप्पे: पहिला रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात. कल्पना लाइटनर या जर्मन पत्रकाराची, खोका माझा.

कार्डावर नुसता शब्द लिहू नका, आर्टिकलसकट लिहा, म्हणजे नामाआधी येणारं, लिंग दाखवणारं 'डेर', 'डी' किंवा 'डास'. लिंगं तीनच, आपल्यासारखी, पण तिथेच मराठी माणूस फसतो. चंद्र तिकडेही पुल्लिंगी, 'डेर मोन्ड'. सूर्य मात्र 'डी झोने', चक्क बाई! मी सहा महिने 'डेर झोने' म्हणत होतो.

आणि उत्तर उलटून बघण्याआधी मोठ्याने बोला. बसमध्ये लोक बघतात. एका आजींनी तर मला विचारलं, कुठला मंत्र म्हणतोस रे?

ॲपबद्दल विचारलंत, वापरा की. माझं लक्ष नोटिफिकेशनमुळे भलतीकडेच जातं, म्हणून खोका.