'ओहोटी' लिहू की नको? त्सुनामीच्या पत्रकातलं एक वाक्य

मिठागर: किनाऱ्यावरच्या शाळांसाठी त्सुनामीचं पत्रक मराठीत आणतोय. लाट येण्याआधी समुद्र मागे जातो, तिथे मी 'अचानक मोठी ओहोटी लागते' असं लिहिलं. गुहागरच्या आत्याने वाचलं आणि म्हणाली, "अरे, ओहोटी म्हटल्यावर पोरं डबे घेऊन खडकावरची कालवं, म्हणजे शिंपल्या, काढायला धावतील!" खरंय तिचं. मग शब्द कोणता?

वेंगुर्ल्याची: आमच्याकडे सुकती म्हणतात, पण अडचण तीच. भरती-सुकती, उधाण-भांग (मोठी नि लहान भरती) हे सगळं तिथीवरून सांगता येतं. हे पाणी तिथी बघून जात नाही. सरळ 'पाणी मागे खेचलं जातं' लिहा.

शुद्धमती: आधी मथळा सुधारा. 'भूकंपलाट' असा सुटसुटीत शब्द असताना त्सुनामी कशाला?

जुना दर्यावर्दी: भूकंपलाट म्हणजे अर्धंच. 22 डिसेंबर 2018 ला इंडोनेशियात अनाक क्राकाताउ ज्वालामुखीचा कडाच समुद्रात कोसळला. भूकंपावर बेतलेला इशारा मिळालाच नाही, 400हून अधिक माणसं गेली.

शुद्धमती: एखाद्या अपवादासाठी शब्द टाकायचा? बहुतेक वेळा कारण भूकंपच असतो ना?

जुना दर्यावर्दी: असतो. पण कुठलाही नव्हे. समुद्राचा तळ वर उचलला किंवा खाली बसला, तर वरचं सगळं पाणी हलतं. तळ नुसता आडवा सरकला तर सहसा काही होत नाही.

चहाबाज: मूळ शब्दात भूकंप नाहीच. 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. भर समुद्रात ती जेमतेम हात-दोन हात उंच. होडीखालून जाते, कोळ्याला पत्ताही लागत नाही. परत येऊन बघतो तर बंदर उद्ध्वस्त. 4000 मीटर खोलीवर वेग ताशी 700 किलोमीटर, उथळात तो घटतो आणि मागचं पाणी पुढच्यावर चढतं. म्हणा 'बंदरलाट'!

दंततालव्य: 'त्सु' हे जोडाक्षर तरी कशाला? 'चूल', 'चूक' यातला च आपल्याकडे आहेच, जपानी उच्चार जवळपास तोच. हिंदीत तो च नाही, त्यांनी सुनामी केलं तर समजू शकतो. आपण 'चुनामी' लिहायला हवं होतं.

चहाबाज: लोकांना वाटेल कुणीतरी चुना लावतंय.

मिठागर: मंडळी, ओहोटी…

जुना दर्यावर्दी: तुमचं वाक्यच तपासा. पाणी दरवेळी आधी मागे जात नाही. 26 डिसेंबर 2004 ला थायलंडकडे ते आधी ओसरलं, आपल्या पूर्व किनाऱ्यावर मात्र आधी चढलं. नागपट्टिणमचा माणूस ओहोटीची वाट बघत बसला असता तर? 'कधी कधी' घाला. आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही, हेही घाला. लोक पहिली ओसरली की सामान आणायला परततात.

शुद्धमती: पण अरबी समुद्रात हे होतं का?

जुना दर्यावर्दी: 28 नोव्हेंबर 1945, पाकिस्तान-इराणकडच्या मकरान किनाऱ्याचा भूकंप. मुंबईपर्यंत पाणी आलं, तिथे 15 जण बुडाल्याची नोंद आहे.

वेंगुर्ल्याची: सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर यासाठी स्वतःचा शब्द आहे, 'स्मोंग'. 1907 च्या लाटेपासून आज्यांनी नातवंडांना तो गाण्यातून शिकवला: जोराचा धक्का बसला, पाणी हटलं की डोंगराकडे पळ. 2004 मध्ये सुमारे 78,000 वस्तीच्या त्या बेटावर फक्त 7 मृत्यू. असा शब्द पाहिजे. ओहोटी नको नि भूकंपलाटही नको.

शुद्धमती: म्हणजे परका शब्द चालतो, मराठी घडवलेला नाही?

वेंगुर्ल्याची: आज्यांनी घडवलेला चालतो. समितीने घडवलेला नाही.

मिठागर: 'अवकाळी ओहोटी' कसं वाटतं?

चहाबाज: अवकाळी पाऊस म्हटल्यावर कोण पळतं हो? आंब्याची काळजी करत बसतात.

मिठागर: बरं. 'कधी कधी पाणी अवेळी, बघता बघता दूरवर हटतं. बघायला थांबू नका, उंचावर पळा.' उद्या छपाईला देतोय, अजून कुणाला काही?

दंततालव्य: एक शंका. वर 'कालवं काढायला' लिहिलंय. आमच्याकडे कालवं फोडतात. काढतात त्या 'तिसऱ्या' नावाच्या शिंपल्या.

वेंगुर्ल्याची: कुठे तुमच्याकडे?