संशोधकांच्या कोडमध्ये प्रोग्रॅमरने हात घालावा का?

डीबगर: हवामानाच्या मॉडेलवर पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीचा काल फोन आला. तोच प्रोग्रॅम, तोच डेटा, पण १६ कोअरवर (म्हणजे एकाच वेळी आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरच्या १६ भागांवर) एक उत्तर आणि ६४ वर दुसरंच. गाईड म्हणाले, मशीनचा दोष. अहो, दोष बेरजेच्या क्रमाचा! पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एकावर सोळा शून्यं घ्या, पुढे दशांशचिन्ह लावा. त्यात १ मिळवून तीच संख्या वजा करा, उत्तर ०, कारण एवढ्या मोठ्या संख्येत तो १ मावतच नाही. आधी वजा करून मग १ मिळवा, उत्तर १. कोअर वाढले की बेरजेची वाटणी बदलते, एवढंच. हे संशोधकांना कुणी सांगतच नाही. प्रत्येक गटात एक प्रोग्रॅमर हवाच.

पाऊसपाणी: नको रे बाबा. आमच्याकडे आला होता एक. फोरट्रान या जुन्या भाषेतला चालता प्रोग्रॅम वर्षभर सी या दुसऱ्या भाषेत लिहीत बसला. फोल्डर देखणे झाले, पण घाटातला पाऊस समुद्रावर पडायला लागला. फोरट्रान १९५७ चं असेल, आकडेमोडीत अजून भल्याभल्यांना ऐकत नाही. आणि शेवटच्या दशांशाचं काय घेऊन बसलात? आमच्या मोजमापातच त्याहून मोठी चूक असते.

डीबगर: १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झनी हवामानाचं गणित मधूनच पुन्हा सुरू केलं. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७, छापील कागदावर ०.५०६. त्यांनी कागदावरचा आकडा भरला. कॉफी पिऊन येतात तो हवा पार वेगळी.

पाऊसपाणी: मग माझंच खरं झालं की! त्यातलं विज्ञान हवामानवाल्याला दिसलं. प्रोग्रॅमरने बग म्हणून मिटवून टाकलं असतं.

उंटावरून: दोघंही एकाच दिशेने बघताय. संशोधकांनी कॉम्प्युटरवाल्यांना काय दिलं तेही बघा. वेब जन्मलं सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, भौतिकवाल्यांची कागदपत्रं सांभाळायला. आणि डीबगर, तुझी ती दशांशांची बेरीज! पूर्वी दर कंपनीच्या मशीनचं दशांशांचं गणित निराळं असायचं. विल्यम कहान हे मुळातले गणिती. ते पिच्छा पुरवत राहिले तेव्हा कुठे १९८५ मध्ये आयट्रिपलई ७५४ हे मानक आलं. तुझा फोन आजही त्याच नियमांनी चालतो.

डीबगर: मान्य. बाकी पाऊसपाणी, त्या समुद्रातल्या पावसाचं कारण सापडलं का?

पाऊसपाणी: सापडलं. फोरट्रानची मोजणी १ पासून, सी ची ० पासून. अख्खा नकाशा एक चौकट पश्चिमेला सरकला होता. शोधायला तीन आठवडे गेले.

डीबगर: उत्तर बरोबर येतंय का हे आपोआप तपासणारी टेस्ट नव्हती?

पाऊसपाणी: एकही नाही. कुणी लिहायची यावरून आमच्यात अजून भांडणं चालू आहेत.