नाण्यावर मला नांगर दिसतो, मित्राला धनुष्य. ठरवायचं कसं?

वाटसरू_निपाणी
नमस्कार मंडळी. तीन नाण्यांच्या फोटोंवरून आमच्यात वाद सुरू आहे. पहिलं शिशाचं, कोल्हापूर भागातलं. त्यावर मला जहाजाचा नांगर दिसतो आणि मागच्या बाजूला द्राक्षांचा घड. मित्र म्हणतो, धनुष्य आणि डोंगर. दुसरा देवगिरीच्या यादवांचा सोन्याचा पद्मटंक, म्हणजे कमळाचं नाणं. त्यातलं कमळ कधी उठावाचं वाटतं, कधी कोरून खोल केलेलं, आणि फोटो तोच! तिसरं चांदीचं, राजाच्या गालातून डोंगर उगवलाय. असं मुद्दाम काढायचे काय ओ?

शहापूर_पेठ
पहिल्यात मित्राचं बरोबर आहे, पण तुम्हाला नांगर का दिसला तेही समजून घ्या. हे सातवाहनांच्या काळातल्या, कोल्हापूरकडच्या कुर राजांचं नाणं. ‘विळिवायकुर’, ‘सिवलकुर’ अशी नावं ब्राह्मीत कडेनं येतात आणि मधे धनुष्यावर चढवलेला बाण असतो. बाणाचं टोक वर धरलं की धनुष्याची कमान वर आणि दोरी खाली येते. नाणं उलटं धरलं की कमान खाली जाते, बाणाची काडी वर राहते आणि हुबेहूब जहाजाचा नांगर तयार होतो. झिजलेल्या नाण्यावर आधी दोरी पुसली जाते, कारण ती सगळ्यात बारीक रेघ. दोरी गेली की फसायला आणखी सोपं.

सातवाहनांच्या काही नाण्यांवर खरोखर जहाज आहे. ते वाचलेल्या माणसाला नांगर पटकन पटतो. पण ती जहाजाची नाणी पुळुमावीसारख्या सातवाहन राजांची, पूर्व किनाऱ्याकडची.

द्राक्षांचंही तेच. कमानीवर कमानी रचलेला डोंगर उलटा केला की खाली निमुळता होत जाणारा घड दिसतो. अथणीकडच्या माणसाला तर पहिल्यांदा द्राक्षंच दिसणार! डोंगराजवळ कठड्यातलं झाड शोधा. कठडा म्हणजे आडव्याउभ्या रेघांची चौकट. चौकट खाली आणि फांद्या वर आल्या की नाणं सुलटं. चित्राला नाव देण्याआधी नाणं पाव-पाव फेरीनं चारदा फिरवून बघायचं, ही सवय लावून घ्याच.

गडाखालचा
पद्मटंकाचं बोलतो. फोन उलटा करून तोच फोटो बघा. खोल दिसणारं वर येईल, वरचं खाली जाईल. उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरून चालतो. दिवा नाण्याच्या खालच्या बाजूला ठेवून फोटो काढला असेल तर सावल्या उलट्या पडतात आणि सगळा उठाव उलटा वाचला जातो.

खरी रचना अशी आहे: चकतीवर एकाच बाजूनं वेगवेगळे ठसे मारलेले असतात. मधे कमळ, भोवती श्री, शंख, राजाचं नाव. मागची बाजू कोरी. प्रत्येक ठशाच्या घावानं खळगा पडतो आणि त्या खळग्यात चित्र मात्र उठावाचं असतं. म्हणजे खोल आणि उंच दोन्ही एकाच जागी आहे. त्यात चकती वाटीसारखी वाकते, म्हणून हे नाणं फोटोत सगळ्यात जास्त फसवतं.

उपाय सोपा आहे. नाण्याशेजारी तांदळाचा एक दाणा ठेवून फोटो काढा. दाणा फुगीर आहे हे पक्कं माहीत असतं, त्यामुळे त्याची सावली ज्या बाजूला, तिच्या उलट दिशेला दिवा. दिवा वर डावीकडे, टेबलापासून साधारण 20 ते 30 अंशांवर ठेवा. फ्लॅश बंद. समोरून उजेड पडला की सावल्याच राहत नाहीत आणि झिजलेला भाग सपाट दिसतो.

चेहऱ्याच्या बाबतीत हीसुद्धा युक्ती कमी पडते. ठोकलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि पुढची चकती तशीच खाली आली, तर नव्या नाण्यावर एका बाजूला नेहमीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट, आरशातल्यासारखा उमटतो. रोमन दिनारांत अशी नाणी मिळतात. खोलगट चेहरा उजेड बरोबर असला तरी फुगीरच भासतो, कारण आत गेलेलं नाक मेंदू मानत नाही. तिथे अक्षरं बघायची. उलटी असतील तर छाप खोलगट.

वाटसरू_निपाणी
फोन फिरवला, कमळ खरंच उलटलं! आता गालावरचा डोंगर?

शहापूर_पेठ
ते क्षत्रप राजा नहपानाचं नाणं, त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजानं, गौतमीपुत्र सातकर्णीनं, वरून पुन्हा ठोकलेलं. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यातली नऊ हजारांहून जास्त अशी होती. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ आणि सातकर्णीचं नाव. दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. जुनं नाणं न वितळवता, कसंही ठेवून घाव घालायचे. त्यामुळे डोंगर कधी गालावर, कधी डोक्यावर मुकुटासारखा, कधी आडवा येतो.

वाचताना दोन थर वेगळे करा. एका कागदावर फक्त नवा छाप उतरवा: डोंगर, नागमोडी रेघ, त्याच्या कडेची अक्षरं. मग नाणं फिरवून दुसऱ्या कागदावर नाक, हनुवटी, केस आणि कडेची ग्रीक वळणाची अक्षरं. दोन्ही एकाच कागदावर काढलं की हात आपोआप रेघा जोडतो आणि तिसरंच चित्र तयार होतं. नहपानाच्या मागच्या बाजूला बाण आणि वज्र असतं. उज्जैन चिन्हाखाली त्यांचा तुकडा दिसला की खात्री झाली.

खानापूर_रस्ता
शिवराईलाही, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्यालाही, दिसतं तेवढंच उतरवायचा नियम लावा. चकती ठशापेक्षा लहान असते, म्हणून ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ पूर्ण क्वचितच बसतं. न दिसणारं अक्षर मनानं भरू नका. दिसतं तेवढंच लिहा, बाकी जागा मोकळी सोडा.

आणि ते शिशाचं नाणं चिंच, लिंबू, व्हिनेगर कशानंही घासू नका, आम्लानं शिसं खाल्लं जातं. लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यातही नको. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं पांढरी भुकटी चढते आणि धनुष्याची दोरी आधी त्यातच जाते. ती भुकटी विषारी आहे, हाताळल्यावर हात धुवा. नाणं शेतात सापडलेलं असेल तर निखात निधी (जमिनीत पुरलेला ऐवज) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ते आधी करा. नवा फोटो टाकाल तेव्हा दोन्ही बाजू, दाणा शेजारी, आणि वजन ग्रॅममध्ये लिहा.