गाईच्या दुधाचा आलेख: तीन आकडे पुरे आहेत का?

धागा
व्यायल्यानंतर दूध काही आठवडे चढतं, मग हळूहळू ओसरतं. 1967 साली वुड या संशोधकांनी हा चढउतार एका सूत्रात बसवला: दूध = अ × दिवस^ब × ई^(−क × दिवस). ई म्हणजे 2.718 हा ठरलेला आकडा; अ, ब, क हे तीन आकडे गाईच्या दुधाच्या नोंदींवरून काढायचे. अ दुधाची एकूण पातळी ठरवतो, ब चढ, क उतार. ब भागिले क म्हणजे सर्वाधिक दुधाचा दिवस. अ 15, ब 0.2, क 0.004 धरा. 50व्या दिवशी जवळपास 27 लिटर, 200व्या दिवशी 19च्या आसपास. माझं ठाम मत आहे की गोठ्यातल्या निर्णयांना एवढं पुरतं. अंदाजापेक्षा दूध सलग कमी आलं, की त्या गाईकडे वेळेत लक्ष जातं.

प्रतिसाद 1
अजिबात पटलं नाही. हे सूत्र आकार दाखवतं, कारण सांगत नाही. दूध ओसरतं ते मुख्यतः कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि तेवढ्या नव्या बनत नाहीत म्हणून. डाइकस्ट्रा या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये पेशींची वाढ आणि मृत्यू धरूनच समीकरण मांडलं. उद्यापासून दोनऐवजी तीन वेळा धार काढली तर काय होईल? वुड यांचे अ, ब, क यावर गप्प. चारा कमी पडला की कासदाह (कासेची सूज) झाला, हेही त्यांना कळत नाही.

प्रतिसाद 2
तुम्ही दोघंही नोंदींबद्दल बोलतच नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा दूध मोजतात. एका गाईची पहिली नोंद 40व्या दिवशी झाली, तोवर तिचा चढ संपला होता. ब ऋण आला आणि आलेख पहिल्या दिवसापासून नुसता घसरता!

धागाकर्ता
प्रतिसाद 2, हे मान्य. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला मोजल्याशिवाय वैयक्तिक आलेखावर विसंबू नये.
पण प्रतिसाद 1, पेशींची संख्या कोणत्या गोठ्यात मोजतात? जे मोजता येत नाही त्यावर उभं समीकरण संशोधकाला मोलाचं, पण पहाटे धार काढणाऱ्याने त्याचं काय करायचं? कारण शोधायला पशुवैद्य आहेत. सूत्राने फक्त कुठल्या गाईकडे बघायचं ते सांगावं.

प्रतिसाद 1
तेही ते नीट सांगत नाही, हीच माझी खरी तक्रार. गाय व्यायल्यापासूनच आजारी असेल तर आलेख तिच्या आजारी दुधावरच बसतो. तफावत दिसणार कुठून? गाय बिचारी कण्हत असते आणि आकडे म्हणतात सगळं ठीक.

धागाकर्ता
म्हणून तुलना तिच्या स्वतःच्या आलेखाशी नको, त्याच वेताच्या, म्हणजे तितक्याच वेळा व्यायलेल्या, निरोगी गाईंशी करावी. पहिलारू (पहिल्यांदाच व्यायलेल्या) गाईचा चढ कमी आणि उतारही संथ असतो, तिला चौथ्या वेताच्या गाईचं माप लावलं तर अन्याय होईल.

प्रतिसाद 1
आणि गोठ्यात त्या वेताच्या दोनच गाई असतील तर?