नाशिक: घर पाहुण्यांना द्यायचं तर मालकाने तिथेच राहावं लागतं का?

गोदाकाठ२७: इंदिरानगरला बंगला आहे. नावावर माझ्या, राहते आई, मी हैदराबादला. वरच्या तीन खोल्या 2027 च्या कुंभात आणि एरवी शनिवार-रविवारी पाहुण्यांना द्यायच्यात. पाथर्डी फाट्याला सोसायटीत एक टूबीएचकेही रिकामा आहे. मालकाने तिथेच राहण्याची सक्ती आहे का?

मखमलाबादकर: दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, एकात एक गुंतवू नका. राहण्याची अट येते ती होमस्टे नोंदणीतून. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत 1 ते 6 खोल्या, जास्तीत जास्त 12 खाटा, आणि मालक कुटुंबासह त्याच वास्तूत राहणारा हवा. तुमच्या तीन खोल्या आरामात बसतात. अडेल ते नावावर. कागद तुमचे, राहणारी आई. राज्याची निवास-न्याहारी नोंदणी पर्यटन संचालनालय करतं, त्यांचं प्रादेशिक कार्यालय नाशकातच आहे. अर्ज टाकायच्या आधी तिथे जाऊन नेमका हाच प्रश्न विचारा. रिकामा फ्लॅट मात्र या योजनेत बसत नाही, मधूनमधून चक्कर मारली म्हणजे राहणं होत नाही.

गोदाकाठ२७: मग बंगला बक्षीसपत्राने आईच्या नावावर करू का? 200 रुपयांत होतं म्हणतात.

दस्त_नोंदणी: घाई नको. ती 200 रुपयांची सवलत नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि मृत मुलाची पत्नी यांना दिलेल्या राहत्या घरासाठी आहे. मुलाने आईला दिलं तर ती लागू नाही. बाजारमूल्यावर 3 टक्के मुद्रांक आणि वर स्थानिक अधिभार. तीन खोल्यांच्या नोंदणीपायी एवढा खर्च मला तरी पटत नाही.

फाट्यावरचा: फ्लॅटचं सांगतो. सोसायटीचे उपविधी आधी वाचा. नेहमीचा भाडेकरू ठेवणं वेगळं आणि दर दोन दिवसांनी नवे चेहरे, रात्री दीडला बॅगा ओढत, ते वेगळं. तक्रारी तिथूनच सुरू होतात. ना-भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो म्हणून सोसायटी लावते ते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, जास्तीची पावती आली तर लेखी हरकत घ्या. वीज घरगुती दराने आणि महावितरणने वापर व्यावसायिक धरला, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. अंगाशी येतं ते बहुतेकदा हेच. घरपट्टीचंही महापालिकेत विचारून घ्या.

गोदाकाठ२७: फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला तर?

दस्त_नोंदणी: ते सगळ्यात स्वच्छ. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55. मुद्रांक 0.25 टक्के, शहरात नोंदणी फी 1000 रुपये. दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी हा खटाटोप कुणी करत नाही. कुंभाच्या आधीपासून कामावर येणाऱ्या कंत्राटदारांच्या माणसांना सहा महिन्यांसाठी द्या. पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका.

मखमलाबादकर: बंगल्यासाठी आणखी दोन गोष्टी. बुकिंग पोर्टलवरून आलं आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर कर पोर्टल भरतं. थेट आलेल्या पाहुण्यांचे पैसेही जीएसटी नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेत मोजले जातात. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. हे काम आईंवर टाकणार असाल तर लॉगिन आत्ताच काढून ठेवा. आणि पर्वणीचं, म्हणजे कुंभातल्या मुख्य स्नानाच्या दिवसाचं, बुकिंग घेताना पाहुण्यांना आदल्या दिवशीच बोलवा. 2015 च्या कुंभात गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या होत्या.